निदान नको, तक्रार सांगा

‘तो चारचौघांत माझी अक्कल काढतो. पगार झाला की माझं एटीएम कार्ड काढून घेतो. माहेरी फोन केला की दोन-दोन दिवस अबोला धरतो.’ ही एक तक्रार. ‘तो नार्सिसिस्ट आहे,’ म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात बुडालेला, दुसऱ्याची पर्वा नसलेला, ही दुसरी. बायकांच्या ज्या सल्ला केंद्रात मी काम करते, तिथे पूर्वी पहिल्या तऱ्हेची तक्रार यायची. अलीकडे, विशेषतः शिकलेल्या आणि कमावत्या मुलींकडून, दुसरी येते. निदान आधीच ठरलेलं असतं. नक्की काय घडलं, कधी घडलं, कोण हजर होतं, हे मात्र खोदून खोदून विचारावं लागतं.

‘नवरा नार्सिसिस्ट आहे हे कसं ओळखाल’ अशा धाटणीचे व्हिडिओ मराठीतही ढिगाने आहेत आणि एक पाहिला की पुढचे आपोआप समोर येत राहतात. नवऱ्यापासून निघालेलं हे लेबल सासू, बॉस, मैत्रीण, पुढारी असं फिरत थेट आईपर्यंत पोचलं आहे. सोबत बाकीचे आजारही आले. घर टापटीप ठेवणारी ‘ओसीडी’, सकाळी हसून संध्याकाळी चिडणारी ‘बायपोलर’, प्रेमात फार गुंतणारी ‘बॉर्डरलाइन’, निर्दयपणे वागणारा ‘सायको’. यात मनाच्या आजारांची थट्टा होते, खऱ्या रुग्णांना त्रास होतो, हा आक्षेप बरेच जण घेतात. तो बरोबरच आहे आणि मी त्याकडे येणार आहे. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. जिच्यावर अन्याय होतो आहे, तिच्याच हातातलं बळ हे लेबल काढून घेतं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार १९८० साली दाखल झाला. आजच्या आवृत्तीत त्याची ९ लक्षणं आहेत. स्वतःच्या मोठेपणाची अवास्तव कल्पना, कौतुकाची न भागणारी भूक, आपल्याला खास वागणूक मिळालीच पाहिजे ही भावना, दुसऱ्याचा वापर करून घेणं, दुसऱ्याच्या दुःखाची दखल नसणं, हेवा, उर्मटपणा वगैरे. किमान ५ जुळावी लागतात. दुखावलेल्या मनाने ही यादी वाचली तर जवळच्या कुठल्याही माणसात ५ लक्षणं दिसू लागतात, त्यात वाचणारीचा दोष नाही. पण त्याच पुस्तिकेत सगळ्या व्यक्तिमत्त्व विकारांना लागू असलेल्या काही अटी वेगळ्या दिलेल्या आहेत आणि त्या सहसा कुणी वाचून दाखवत नाही. वागण्या-वाटण्याचा हा साचा किशोरवयापासून किंवा तरुणपणापासून चालत आलेला असावा लागतो. तो आयुष्याच्या अनेक अंगांत पसरलेला आणि सहजी न बदलणारा असावा लागतो. त्यातून त्या माणसाला स्वतःला क्लेश होत असावे लागतात किंवा त्याचं जगणं अडत असावं लागतं. आणि तो साचा, त्या माणसाच्या समाजाची जी अपेक्षा असते, तिच्यापासून ठळकपणे हटलेला असावा लागतो.

ही शेवटची अट आपल्या घरांना लावून पाहा. मुलाच्या पानात बहिणीच्या आधी वाढलं जातं. तव्यावरची गरम पोळी त्याची, कालची उरलेली आईची. तो जेवून उठतो आणि ताट तिथेच राहतं, कारण ते उचलणारं दुसरं कुणीतरी आहे हे त्याला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक असतं. तो ओरडला तर ‘पुरुषाचा राग आहे, जरा वेळाने शांत होईल’. लग्नात त्याच्या बाजूचा मानपान आणि मुलीच्या बापाचे जोडलेले हात. असा तीस वर्षं वाढलेला माणूस बायकोला गृहीत धरतो. तिचं कौतुक झालं की त्याला कमीपणा वाटतो, तिचा पगार आपल्यापेक्षा जास्त असलेला त्याला खपत नाही, तिच्या थकव्याकडे त्याचं लक्षच जात नाही. ९ पैकी ५ सहज भरली. पण समाजाच्या अपेक्षेपासून तो हटला आहे का? तो तर अपेक्षेबरहुकूम वागतो आहे. त्याला घडवणाऱ्या घराने, पंगतीने, लग्नाच्या मांडवाने त्याला जे शिकवलं तेच तो करतो आहे. त्याला आजारी ठरवलं की ते घर, ती पंगत, तो मानपान सगळे निर्दोष सुटतात. उरतो तो एका डोक्यातला बिघाड, आणि त्यावर उपाय म्हणजे त्या एका डोक्याचा डॉक्टर.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली पुरुषांच्या वागण्याचा उघड हिशेब मांडला, तेव्हा त्यांनी एकेका नवऱ्याच्या मनाची चिकित्सा केली नाही. बायकांच्या माथी मारलेले दुर्गुण एकेक करून घेतले आणि तेच पुरुषांत कसे आहेत ते दाखवलं. रोख चालीरीतींवर होता, विधवांना कोंडून टाकणाऱ्या आणि पुरुषाला मोकळं सोडणाऱ्या व्यवस्थेवर होता. सव्वाशेहून अधिक वर्षं या महाराष्ट्रात बायका जे सार्वजनिक म्हणून मांडत आल्या, ते आज पुन्हा खासगी होऊ लागलं आहे, आणि तेही शास्त्राची भाषा वापरून. मला याचं फार वाईट वाटतं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. मुलगी सासरी किंवा माहेरी म्हणते, ‘त्याला नार्सिसिस्टिक डिसऑर्डर आहे.’ वडीलधाऱ्यांपैकी निम्म्यांना शब्द कळत नाही. ज्यांना कळतो ते म्हणतात, ‘म्हणजे आजारी आहे ना? मग आजारी माणसाला टाकून जातं का कुणी? सांभाळून घे.’ आपल्याकडे नवऱ्याचा आजार म्हणजे बायकोची शुश्रूषा, हे समीकरण फार पक्कं आहे. ज्या शब्दाने तिची सुटका व्हायची, तोच तिच्या गळ्यात नवं कर्तव्य घालतो. शिवाय त्या माणसालाही पळवाट मिळते. ‘माझा स्वभावच असा आहे, मी काय करू’ हे वाक्य ‘मला डिसऑर्डर आहे’ असं झालं तर ते आणखी भक्कम होतं.

खरं तर तोच माणूस ऑफिसात साहेबापुढे अदबीने बोलतो, सोसायटीच्या बैठकीत दुसऱ्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतो, बँकेच्या रांगेत शांत उभा राहतो. विकार नाही याचा हा पुरावा आहे असं मी म्हणणार नाही. बाहेर गोड आणि घरात निष्ठुर असणारे रुग्णही असू शकतात आणि ते ठरवणं माझं काम नाही. पण जीभ कुठे आवरायची हे त्याला कळतं, एवढं यातून नक्की दिसतं. कुणाचा अपमान परवडतो हे तो जाणतो. तक्रारीत लिहायची गोष्ट ही आहे.

कायद्याने हे फार स्वच्छपणे ओळखलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा वाचा. त्यात मानसिक छळाची व्याख्या वागण्यावरून केली आहे: अपमान, टिंगल, पाणउतारा, शिवीगाळ, मूल किंवा मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, तिच्या जवळच्या माणसांना इजा करण्याच्या वारंवार धमक्या. आर्थिक छळही तसाच: तिच्या हक्काचे पैसे अडवणं, घरखर्च न देणं, तिचं स्त्रीधन विकणं. करणाऱ्याची मानसिक घडण कशी आहे, हे तिला सिद्ध करावं लागत नाही. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी जो घटनेचा अहवाल भरतात त्यात रकाने असतात तारखेचे, ठिकाणाचे, वेळेचे आणि कुणी केलं याचे. ‘तुमच्या मते त्याला कोणता विकार आहे’ असा रकाना नाही. तो नसणं ही बाईच्या बाजूची गोष्ट आहे. तारीख आणि घटना ती स्वतः सांगू शकते, त्यावर तिच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा नाही. विकार ती सिद्ध करू शकत नाही. समोरचा वकील एकच प्रश्न विचारतो, ‘तुम्ही डॉक्टर आहात का?’ आणि नवऱ्याने एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून ‘विकार आढळला नाही’ असा कागद आणला, की तिची अगदी खरी तक्रारही खोटी वाटू लागते. स्वतःच्या पक्क्या जमिनीवरून उठून ती परक्याच्या जमिनीवर भांडायला गेलेली असते.

हे हत्यार उलट फिरतं, हेही विसरू नये. आपल्याकडे ‘वेडी’ ठरवलेल्या बायकांचा इतिहास मोठा आहे. नवऱ्याला दुसरं लग्न करायचं असलं, सासरी हुंडा कमी पडला, बाई उलट बोलू लागली, की ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून माहेरी नाही तर थेट मनोरुग्णालयात. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे. रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात नवऱ्याने बायकोला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून घटस्फोट मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये तो नाकारला आणि सांगितलं की एखाद्या व्यक्तीवर स्किझोफ्रेनियाचा नुसता शिक्का मारणं पुरेसं नाही. आजार किती तीव्र आहे, त्याने त्या व्यक्तीच्या वागण्यावर आणि सहजीवनावर प्रत्यक्षात काय परिणाम होतो, ते पाहावं लागेल. ज्यांना या देशात वेडं ठरवून घराबाहेर काढणं सोपं होतं, त्यांचं रक्षण या तत्त्वाने केलं. आज नवऱ्यांच्या बाजूच्या कागदांत ‘बॉर्डरलाइन’, ‘बायपोलर’ हे शब्द येऊ लागले आहेत. शिक्का मारण्याची मुभा सगळ्यांना दिली, तर ज्याच्याकडे पैसा, वकील आणि ओळखीचा डॉक्टर आहे त्याचाच शिक्का जास्त ठसठशीत उमटणार. बायकांनी ही मुभा मागूच नये असं मला वाटतं.

राजकारणात हे आधीच घडून गेलं आहे. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. ‘फॅक्ट’ नावाच्या नियतकालिकाने बारा हजारांवर मानसोपचारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारलं, हे गृहस्थ मानसिकदृष्ट्या या पदाला लायक आहेत का? २,४१७ उत्तरं आली आणि १,१८९ डॉक्टरांनी ‘नाहीत’ असं कळवलं. कित्येकांनी, समोर बसवून कधी न तपासलेल्या त्या माणसाची निदानंही लिहून पाठवली. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण नियतकालिकाविरुद्धचा बदनामीचा खटला जिंकले. १९७३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या त्याच संघटनेने नियमच केला की स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगी असल्याशिवाय सार्वजनिक व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत द्यायचं नाही.

त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते ॲलन फ्रान्सिस यांचं पत्र. त्याच निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीचं काम त्यांच्या नेतृत्वाखाली झालं होतं, या विकाराचे निकष त्यांनी लिहिले होते. डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाल्यावर अनेक डॉक्टर त्यांना नार्सिसिस्ट म्हणू लागले, तेव्हा फेब्रुवारी २०१७ मध्ये फ्रान्सिस यांनी न्यूयॉर्क टाइम्सला लिहून कळवलं की ट्रम्प यांना हा विकार आहे असं म्हणता येत नाही, कारण निदानाला लागणारे क्लेश आणि अडचण त्यांच्यात दिसत नाहीत. वाईट वागणं हे क्वचितच मानसिक आजाराचं लक्षण असतं आणि मानसिक रुग्ण क्वचितच वाईट वागतात, असं त्यांनी बजावलं. ट्रम्प यांच्यावर त्यांची टीका अतिशय कडक होती, पण उत्तर राजकीय असावं, मानसशास्त्रीय नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. मतदाराच्या हातात मत आहे, निदान नाही. घरातल्या बाईच्या बाबतीतही मला हेच म्हणायचं आहे.

या सगळ्यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं आणि ते मी हलकं मानत नाही. मुली म्हणतात, ‘ताई, तो व्हिडिओ पाहीपर्यंत मला वाटायचं चूक माझीच आहे. पहिल्यांदा कळलं की हे माझ्या एकटीच्या बाबतीत घडत नाही.’ हे अगदी खरं आहे. वर्षानुवर्षं ‘तूच मनाला लावून घेतेस’ ऐकलेल्या बाईला कुणीतरी तिचंच घर जसंच्या तसं वर्णन करून सांगतं, तेव्हा तिच्या जिवात जीव येतो. पण नीट पाहिलं तर तिला धीर दिला तो त्या वर्णनाने: आधी डोक्यावर घेणं, मग हळूहळू कमी लेखणं, घडलेलं घडलंच नाही असं ठासून सांगणं, माफी मागून पुन्हा तेच करणं. ‘गॅसलायटिंग’ हा शब्द मला म्हणूनच चालतो, घडलेलं नाकारून समोरच्याला स्वतःवरच शंका घ्यायला लावणं या वागण्याचं ते नाव आहे आणि ते वागणं तारखेनिशी दाखवता येतं. वर्णन ठेवा. त्याच्या टोकाला चिकटवलेलं निदान काढलं तरी तिचा धीर तेवढाच राहतो.

आईबद्दल थोडंच बोलते. ‘माझी आई नार्सिसिस्ट आहे’ म्हणणाऱ्या मुलीला खरोखर जखम झालेली असते; आई मुलाला झुकतं माप देते, मुलीचं यश पाहून तिचं तोंड उतरतं, हे मी पाहिलेलं आहे. ती जखम तिच्या खऱ्या नावाने सांगावी. शेवटी जेवणाऱ्या, कधीच कौतुक न ऐकलेल्या बाईला विकाराच्या चौकटीत बसवलं, की तिला काय मिळालं नाही हा प्रश्नच विचारला जात नाही. आणि तो विचारला म्हणून मुलीने सगळं सोसलंच पाहिजे असंही नाही. आईला आजारी न ठरवताही तिच्यापासून चार हात लांब राहता येतं.

आता रुग्णांकडे. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असलेली माणसं स्वतःला इजा करून घेतात, जीव द्यायचा प्रयत्न करतात, रोजचा दिवस त्यांना जड जातो. त्यांच्यासाठीच्या प्रभावी उपचारपद्धतीच्या जनक मार्शा लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः यातून गेल्या होत्या. मेरी झानारिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशा रुग्णांचा १० वर्षं मागोवा घेतला, तेव्हा ९३ टक्क्यांची लक्षणं किमान सलग दोन वर्षं ओसरलेली आढळली. म्हणजे माणसं बरी होतात. आपल्या व्हिडिओंचा सूर मात्र एकच, ‘ही माणसं कधीच बदलत नाहीत, पळ काढा.’ ज्याला खरोखर नार्सिसिस्टिक विकार आहे, ज्याच्या मोठेपणाच्या आत लाज आणि नैराश्य साचलं आहे, तो हे ऐकून डॉक्टरची पायरी चढेल का?

दुसरा धोका याहून तातडीचा आहे. साठीच्या आसपासचा, आयुष्यभर मायाळू असलेला माणूस अचानक स्वार्थी, बेफिकीर, असभ्य वागू लागतो. घरचे म्हणतात, म्हातारपणी खरा स्वभाव बाहेर आला. मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या भागांना ग्रासणारा डिमेन्शियाचा एक प्रकार बहुधा ४५ ते ६५ या वयात अशाच रीतीने सुरू होतो, विसरभोळेपणाच्या आधी सहानुभूती जाते. भपकेबाज बढाया, अफाट खर्च, झोपेची गरजच न वाटणं हे बायपोलर आजारातल्या उन्मादाचं लक्षण असू शकतं आणि त्यावर चांगली औषधं आहेत. या माणसांना ‘नार्सिसिस्ट’ म्हणून सोडून दिलं, तर उपचाराची वेळ निघून जाते. वागण्यात झालेला नवा बदल आणि जन्माची खोड यातला फरक डॉक्टर तासन् तास बोलून, घरच्यांना विचारून, गरज असेल तर मेंदूची तपासणी करून ठरवतात.

खुद्द तज्ज्ञांचंही या निदानावर एकमत नाही. अमेरिकन पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीच्या मसुद्यात हा विकार वगळण्याचा प्रस्ताव होता. विरोध झाल्यावर तो राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या, आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात नार्सिसिस्टिक असा स्वतंत्र विकारच नाही. तिथे व्यक्तिमत्त्व विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरवायचं आणि स्वभावाचे कंगोरे वेगळे नोंदवायचे, असं आहे. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा निदानासाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांकडे बोट दाखवतो आणि त्यात याच वर्गीकरणाच्या ताज्या आवृत्तीचा नावाने उल्लेख आहे. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे जे मला फार मोलाचं वाटतं: समाजातल्या नैतिक, सांस्कृतिक किंवा राजकीय मूल्यांशी एखाद्याचं पटत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही. आणि उपचाराशी किंवा कायद्यातल्या बाबींशी थेट संबंध असल्याखेरीज कुणीही कुणाचं मानसिक रुग्ण म्हणून वर्गीकरण करायचं नाही.

म्हणून माझी पहिली मागणी मराठीत असे व्हिडिओ करणाऱ्या डॉक्टरांकडे आणि समुपदेशकांकडे आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा हेतू चांगला आहे, तुमच्यामुळे मनाच्या दुखण्याबद्दल घराघरांत बोललं जाऊ लागलं. पण कमेंटमध्ये कुणी नवऱ्याच्या चार सवयी लिहून पाठवल्या, की ‘हो, हा नार्सिसिस्टच’ असं उत्तर देऊ नका. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. तिला सांगा की तू लिहिलंस तो छळ आहे, आणि तो थांबवायला निदानाची गरज नाही.

दुसरी मागणी आम्हा केंद्रातल्या बायकांकडे. समोरची ‘नार्सिसिस्ट’ म्हणाली की आपणही मान डोलावून पुढे जातो, कारण त्यात वेळ वाचतो. तसं करू नये. तिच्या हातात एक वही द्यावी. तारीख, वेळ, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, कोण ऐकत होतं, पैसे कधी आणि किती घेतले, मुलं कुठे होती. मेसेज पुसू नयेत. वही माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवावी. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून द्यावा. आणि तिला स्वतःला रात्री झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच्याखाली टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं.